नवख्याचे देणे

इंटरनेटने जोडलेल्या यंत्रांवर अनेक माणसे एकाच वेळी एका कल्पित जगात उतरून जे खेळ खेळतात, त्या ऑनलाइन खेळांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांत जाणता आणि नवखा यांच्यामध्ये उभा राहणारा तिसरा कोणी नसतो. तालमीत नवा मुलगा आला की त्याची कुस्ती कोणाशी लावायची हे वस्ताद ठरवतो, आणि मुरलेल्या गड्याने त्याला किती रेटायचे याचाही अंदाज त्याच वस्तादाच्या नजरेत असतो. ऑनलाइन खेळात ही जोडी संगणक लावतो; वर्षानुवर्षे खेळून हात बसलेला खेळाडू आणि आदल्याच दिवशी खेळ उतरवून घेतलेला नवखा, हे दोघे एकमेकांचा चेहरा न पाहता आणि पुष्कळदा एकमेकांची भाषाही न जाणता समोरासमोर येतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने कायमचे वेगळे होतात. या अवधीत जाणत्याने नवख्याशी कसे वागावे, हा वरवर पाहता शिष्टाचाराचा प्रश्न आहे. परंतु तो थोडा खोलात नेला की नीतिशास्त्रातील एका जुन्या आणि अवघड प्रश्नाशी येऊन ठेपतो. ज्याच्याकडून आज काही मिळण्यासारखे नाही, ज्याच्यामुळे उलट नुकसानच संभवते आणि ज्याची पुन्हा गाठ पडणार नाही, अशा परक्याचे माणूस काही देणे लागतो काय? लागत असेल, तर ते देणे दयेच्या स्वरूपाचे आहे की ऋणाच्या?

हा भेद केवळ पारिभाषिक नाही. दया देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. ती केली तर पुण्य, न केली तर दोष नाही, असा तिचा सामान्य व्यवहार आहे. ऋण मात्र फेडले नाही तर माणूस बुडवा ठरतो. नव्या खेळाडूंना सांभाळून घेण्याविषयी जे काही बोलले जाते, ते बहुतेक दयेच्या भाषेत बोलले जाते, आणि म्हणूनच ते इतके दुबळे पडते. येथे प्रतिपादन करायचे आहे ते असे की नवख्याचे देणे हे ऋण आहे, आणि ते मान्य केल्याखेरीज या खेळांतील सौजन्य आणि वैर या दोहोंचाही उलगडा होत नाही.

प्रथम वैराची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती निष्कारण नाही. ‘डोटा २’ किंवा ‘लीग ऑफ लेजंड्स’ यांसारख्या खेळांत पाच-पाच भिडूंचे दोन संघ असतात आणि एक डाव बराच वेळ, कित्येकदा पाऊण तासाच्या आसपास, चालतो. या खेळांची रचना अशी आहे की प्रतिस्पर्ध्याला मारणाऱ्याला सोने आणि अनुभव मिळतो आणि त्या बळावर तो पुढे अधिक बलवान होतो. म्हणजे नवखा भिडू वारंवार मरतो तेव्हा तो केवळ कमी पडत नाही, तर आपल्याच संघाविरुद्ध शत्रूला पोसत असतो. खेळाडूंच्या बोलीत अशाला ‘फीडर’ म्हणतात. त्यातच डाव अर्ध्यावर सोडणाऱ्याला दंड असल्यामुळे उरलेल्या चौघांना उठूनही जाता येत नाही. शंभराहून अधिक पात्रे, प्रत्येकाच्या निराळ्या शक्ती, वस्तूंची लांबलचक यादी, आणि यांतले काहीही ठाऊक नसलेला एक परका माणूस, ज्याच्या चुकांची किंमत चौघांनी मोजायची: या परिस्थितीत चीड येणे मानवी आहे, आणि ती येऊच नये असे सांगणारा उपदेश खेळाचे स्वरूप न समजता केलेला उपदेश होय.

तथापि या चिडीचे विश्लेषण केले तर एक गोष्ट ध्यानात येते. ज्या अज्ञानाबद्दल नवख्याला शिव्या मिळतात, ते अज्ञान त्याचा अपराध नसते. अपराधाला पर्याय असावा लागतो. ज्याला योग्य काय हे माहीत होते आणि तरी त्याने अयोग्य केले, त्याला दोष देता येतो. पहिला डाव न खेळता दुसरा डाव खेळण्याची सोय मात्र कोणत्याच खेळात नाही. नवख्यावरचा राग हा अशा रीतीने एका अटळ गोष्टीवरचा राग असतो, आणि अटळ गोष्टीचा सूड माणसावर उगवणे यालाच अन्याय म्हणतात.

यावर जाणत्यांकडून एक प्रत्युत्तर नेहमी येते, आणि ते अधिक विचारात घेण्याजोगे आहे. आम्हीही असेच सोसून शिकलो, कठोरपणातूनच खेळाडू घडतो, आणि ज्याला टिकायचे नाही त्याने जावे, असे ते प्रत्युत्तर. यात दीक्षेची कल्पना दडलेली आहे. समाजात प्रवेश मिळण्याआधी नवागताने काही क्लेश सोसलेच पाहिजेत, ही कल्पना अनेक संस्कृतींत आढळते. कॅनडात अध्यापन केलेले तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची व्याख्या अशी केली आहे की अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. ही व्याख्या ग्राह्य धरली तर कष्ट हे खेळाचे अंगच ठरतात, आणि कठोरपणाच्या कैवाऱ्यांना त्यात आधार सापडल्यासारखे वाटेल. परंतु व्याख्येतील ‘स्वेच्छेने’ हा शब्द त्यांच्या विरुद्ध जातो. नवख्याने पत्करलेले असतात ते खेळाचे अडथळे. परक्या माणसाने आपल्या आईवरून शिवी द्यावी हा त्या खेळाचा अडथळा नव्हे आणि तो कोणी पत्करलेला नसतो. जपानी रचनाकार हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली २०११ साली आलेला ‘डार्क सोल्स’ हा खेळ अत्यंत निर्दय म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात नवा खेळाडू पन्नास वेळा मरतो आणि तरीही त्याचा अपमान झालेला नसतो, कारण त्याला मारणारी अडचण सर्वांना सारखीच लागू असते आणि ती त्याच्या योग्यतेविषयी कसलाही शेरा मारत नाही. काठिण्य आणि तुच्छता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीच्या नावावर दुसरी खपवली जाते.

शिकण्यासाठी आलेल्याचा पाणउतारा करणे हा स्वतंत्र आणि गंभीर अपराध आहे, हे यहुदी धर्मशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. बाबिलोनी तालमूद या ग्रंथसंग्रहातील ‘बावा मेत्सिया’ या प्रकरणात व्यापारातील फसवणुकीच्या चर्चेला लागूनच शब्दांनी केलेल्या पीडेची चर्चा येते, आणि शब्दांची पीडा पैशाच्या फसवणुकीपेक्षा मोठी ठरवली जाते. त्याचे एक कारण असे दिले आहे की घेतलेला पैसा परत करता येतो, बोललेला शब्द परत घेता येत नाही. या पीडेच्या उदाहरणांत एक उदाहरण थेट नवागताचे आहे. परक्या समाजातून यहुदी धर्मात आलेला माणूस धर्मग्रंथ शिकायला बसला असता, ज्या तोंडाने काल अभक्ष्य खाल्ले तेच तोंड आज पवित्र वचने उच्चारायला निघाले आहे, असे त्याला हिणवू नये, असा तो निर्बंध. या नियमाची सूक्ष्मता त्याच्या वेळेत आहे: नवागत चुकला तेव्हाचा हा नियम नाही, तो शिकू लागला त्या क्षणाचा आहे. हेटाळणी नेमकी तेथेच सर्वाधिक घात करते, कारण शिकू पाहणारा माणूस आपले अज्ञान उघडे ठेवून बसलेला असतो. इजिप्तमध्ये तुम्हीही परके होता याची आठवण ठेवून परक्याला छळू नका, ही आज्ञा यहुदी धर्मग्रंथांत पुन्हा पुन्हा येते, आणि तिचा तर्क जाणत्या खेळाडूच्या ‘आम्हीही सोसले’ या तर्काच्या बरोबर उलट आहे. स्वतःच्या सोसण्याची एकच आठवण एकाला छळाचा परवाना वाटते आणि दुसऱ्याला छळापासून परावृत्त करते; म्हणजे निर्णय आठवणीचा नसून तिच्याकडे पाहण्याचा आहे.

आतापर्यंत विचार केला तो रागाचा. त्याहून वेगळा आणि अधिक थंड असा वैराचा एक प्रकार आहे. वरच्या पायरीवर पोचलेला खेळाडू दुसरे खाते उघडतो, त्या नव्या खात्याच्या आड नवखा म्हणून वावरतो आणि खऱ्या नवख्यांना सहज धूळ चारतो. याला ‘स्मर्फिंग’ म्हणतात. नव्वदच्या दशकात ‘वॉरक्राफ्ट २’ खेळणाऱ्या काही नामांकित खेळाडूंनी, ओळखले गेल्यामुळे कोणी आपल्याशी खेळेना म्हणून, ‘स्मर्फ’ या कार्टूनमधल्या पात्रांची नावे घेतली, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. ‘डोटा २’ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये अशी ९०,००० खाती बंद केल्याचे जाहीर केले, यावरून या प्रकाराचा पसारा लक्षात येईल. येथे राग नाही, नुकसान नाही, चुकीची शिक्षाही नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली मांडलेले सूत्र असे होते की माणसातील मानवतेला, मग ती इतर कोणाची असो वा स्वतःची असो, केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये, ती नेहमी साध्य म्हणूनही मानावी. स्मर्फिंगमध्ये हे सूत्र इतक्या उघडपणे मोडले जाते की उदाहरणासाठी दुसरीकडे जाण्याची गरज नाही: नवखा हा तेथे प्रतिस्पर्धीसुद्धा नसतो, विजयाची चव देणारी एक वस्तू असतो.

मग जो खेळ स्वतःला उत्तम येतो, त्यात अशा कमअस्सल विजयाची भूक का लागावी? या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर बौद्ध परंपरेत मिळते. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना तेथे ब्रह्मविहार, म्हणजे चित्ताची श्रेष्ठ निवासस्थाने, म्हटले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही चित्तशुद्धीचे साधन म्हणून हीच चार नावे येतात. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षाने होणारा निर्मळ आनंद. पाचव्या शतकात श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ रचणाऱ्या आचार्य बुद्धघोषांनी या प्रत्येक भावनेचे दोन शत्रू सांगितले आहेत: एक दूरचा, म्हणजे उघड विरोधी, आणि एक जवळचा, म्हणजे त्या भावनेसारखाच दिसणारा आणि म्हणून फसवणारा. मुदितेचा दूरचा शत्रू त्यांच्या मते अरती आहे. अरती म्हणजे कशातच मन न रमणे, एक प्रकारचा वैतागलेला कंटाळा. मत्सर हे उत्तर येथे कोणालाही सुचले असते. बुद्धघोष त्याच्या मुळाशी जाऊन कंटाळ्याकडे बोट दाखवतात, आणि ऑनलाइन खेळांतील वैराचे निदान करायला ही दृष्टी फार उपयोगी आहे. ज्या खेळाडूचा खेळातला रस आटला आहे आणि तरी जो सवयीने, क्रमवारीतील स्थान टिकवण्यासाठी, रोज खेळतच राहतो, त्याला नवख्याचा उत्साह सहन होत नाही. नव्या माणसाला प्रत्येक गोष्टीचे जे नवल वाटते, ते याच्याकडे उरलेले नसते. ज्याचे मन अजून खेळात रमते तो नवख्याला एखादी युक्ती दाखवायला आपणहून थांबतो, असे कोणत्याही खेळात दिसून येते.

नवख्यांच्या रक्षणाचा मार्ग खेळाच्या रचनेतूनही शोधला गेला आहे, आणि त्या प्रयोगांनी एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा केला. १९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात हजारो माणसे एकाच मध्ययुगीन धर्तीच्या राज्यात राहत, आणि शहराची वेस ओलांडली की कोणीही कोणालाही मारून त्याची चीजवस्तू लुटू शकत असे. नवखे लाकडे तोडायला किंवा खाण खणायला बाहेर पडत आणि टपून बसलेल्यांच्या हाती सापडत. खुन्यांची नावे लाल रंगात दाखवण्यासारखे उपाय अपुरे पडले, आणि २००० साली रचनाकारांनी त्या जगाच्या दोन प्रती केल्या: ‘फेलुक्का’ या प्रतीत जुने नियम राहिले, ‘ट्रॅमेल’ या प्रतीत संमतीवाचून कोणावर हल्ला करणे अशक्य झाले. बहुसंख्य खेळाडू ट्रॅमेलमध्ये निघून गेले. त्यावर जुन्या खेळाडूंचा जो आक्षेप होता त्यात तथ्य आहे: जेथे वाईट करताच येत नाही तेथे चांगले वागण्याला काय अर्थ उरतो? फेलुक्काच्या रानात एखाद्याने नवख्याला सोबत करून वेशीपर्यंत पोचवले तर ते शौर्य होते आणि ती मैत्री होती. ट्रॅमेलमध्ये त्या सोबतीची गरजच संपली.

या आक्षेपाला खरे उत्तर मिळाले ते बारा वर्षांनंतर, ‘जर्नी’ या खेळात. जेनोव्हा चेन यांच्या दिग्दर्शनाखाली तयार होऊन २०१२ मध्ये आलेल्या या खेळात झगा घातलेला एक प्रवासी वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे निघतो, आणि वाटेत त्याला आणखी एक प्रवासी भेटतो. तो जगात कोठेतरी बसलेला खराखुरा माणूस असतो, पण त्याचे नाव दिसत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. प्रारंभीच्या आराखड्यात प्रवाशांना एकमेकांना ढकलता येत असे, हेतू हा की त्यांनी एकमेकांना अडथळ्यांवरून चढायला मदत करावी; प्रत्यक्षात खेळणारे एकमेकांना दरीत लोटू लागले. नव्या जगात आलेला माणूस लहान मुलासारखा असतो आणि ज्या कृतीला सर्वांत ठळक प्रतिसाद मिळतो ती तो करत राहतो, असे चेन यांनी त्याचे कारण सांगितले. त्यांनी ढकलण्याची सोय काढून टाकली आणि त्याजागी अशी योजना केली की दोघे जवळ आले की दोघांचीही उडण्याची शक्ती भरून यावी. ज्यांनी वाटेवरची सारी चिन्हे गोळा केली आहेत अशांना शुभ्र झगा मिळतो, आणि पुष्कळ शुभ्र झगेवाले, पुन्हा पुन्हा त्याच वाळवंटात उतरून, लाल झग्यातल्या नवख्याला लपलेल्या जागा दाखवत, तो मागे राहिला तर थांबत, शेवटपर्यंत नेतात. त्यांना थांबायला कोणी भाग पाडलेले नसते. सोबत्याला सोडून एकट्याने पुढे जाणे या खेळात सर्वस्वी शक्य आहे. यावरून दिसते की सद्गुणाला अवकाश हवा असेल तर त्यासाठी दुष्टपणाची मोकळीक आवश्यक नाही. उदासीनतेची मोकळीक असली तरी पुरते. ट्रॅमेलमध्ये उणीव होती ती धोक्याची नव्हती, एकमेकांची गरज लागेल अशा एखाद्या व्यवस्थेची होती.

‘जर्नी’च्या उदाहरणाने दुसरीही एक समजूत तपासून पाहावी लागते. ऑनलाइन वैराचे खापर सरसकट निनावीपणावर फोडले जाते. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील गायगीजच्या अंगठीची कथा या संदर्भात आठवते, अंगठी फिरवली की अदृश्य होता येते आणि अदृश्य होता आले की सज्जन माणूसही चोरी आणि हत्या करील, असा त्या कथेच्या आधारे तेथे युक्तिवाद केला आहे. ‘जर्नी’चे प्रवासी त्या अंगठीच्या अर्थाने जवळजवळ अदृश्यच असतात, एकमेकांची नावे त्यांना प्रवास संपल्यावरच कळतात. तरीही तेथे जिव्हाळा उपजतो. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ साली ऑनलाइन वर्तनातील संकोच गळून पडण्याच्या प्रक्रियेचे विवेचन करताना तिचे विषारी आणि सौम्य असे दोन प्रकार मानले होते, ते येथे पटते. अंगठीने माणूस मोकळा होतो एवढेच खरे. मोकळा झालेला माणूस काय करील हे त्या जागी काय मोलाचे मानले जाते यावर ठरते.

रक्षणाचा आणखी एक मार्ग महाराष्ट्रातील कोणालाही लहानपणापासून परिचित आहे. मोठ्या मुलांच्या खेळात धाकट्याला घ्यायचे, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. त्याला लिंबूटिंबू किंवा कच्चा लिंबू म्हणून सोडून द्यायचे. या प्रथेत माया आहे यात शंका नाही. तिच्यात एक मर्यादाही आहे, आणि ती त्या धाकट्याला फार लवकर कळते: ज्याच्या बाद होण्याला किंमत नाही, त्याच्या असण्यालाही खेळात किंमत नाही. बुद्धघोषांनी सांगितलेला करुणेचा जवळचा शत्रू म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः खंतावत बसणे. नवख्याला नुसते कनवाळूपणे सांभाळणाऱ्याची गत त्याहून फारशी निराळी नसते, कारण दोहोंतही समोरचा सबळ व्हावा ही इच्छा नसते.

मोबाइलवरील खेळांत या प्रथेचे एक बिघडलेले रूप दिसते. ‘पबजी मोबाइल’ आणि, त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आल्यानंतर, जुलै २०२१ पासून त्याच्या जागी आलेला ‘बीजीएमआय’ हे खेळ महाराष्ट्राच्या गावोगावी तरुणांच्या हातात पोचले आहेत. ‘पबजी मोबाइल’ने खालच्या पायरीवरच्या डावांत माणसांबरोबर संगणकाने चालवलेले बॉटही मिसळले, आणि ते न सांगता मिसळले, नवख्याला वाटते आपण माणसे मारून जिंकलो. कच्च्या लिंबाला आपण कच्चा लिंबू आहोत हे निदान ठाऊक तरी असते. वरच्या पायरीवर गेल्यावर याच नवख्याची खऱ्या माणसांशी गाठ पडते, तो भराभर मरतो, आणि मग चौघांच्या पथकातले अनोळखी भिडू त्याला हेडफोनमधून जी शिवी देतात ती ‘बॉट’ हीच असते. आवाज मुलीचा असेल, किंवा हिंदीचा उच्चार गावाकडचा असेल, तर त्यात आणखी भर पडते. माणसाला यंत्र म्हणणे ही साधी चेष्टा नाही. समोर कोणी आहे हेच नाकारण्याचा तो प्रकार आहे, आणि त्याची खंत खेळणाऱ्यांना वाटेनाशी व्हावी ही गोष्ट दुःखद आहे.

याउलट ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळाने नवखेपण उघड आणि सन्मान्य केले. नव्या खेळाडूच्या नावापुढे तेथे एक हिरवा कोंब दिसतो. जपानमध्ये १९७२ पासून नव्या वाहनचालकाला गाडीवर कोवळ्या पानाचे चिन्ह लावावे लागते, त्याच कल्पनेचे हे रूप. एखाद्या मोहिमेवर निघालेल्या गटात ती मोहीम प्रथमच करणारा कोणी असेल तर सर्वांना जादा बक्षीस मिळते, त्यामुळे नवखा हे ओझे न राहता लाभ ठरतो. बक्षिसासाठी केलेले सौजन्य ते सौजन्यच काय, असे निष्काम कर्माच्या कसोटीवर कोणी विचारील. ही शंका योग्य आहे, आणि मार्गदर्शकांना मिळणारा मुकुट पुढे केवळ मिरवण्यासाठी घेतला जाऊन थट्टेचा विषय झाला, यात तिची प्रचीतीही आहे. परंतु बक्षिसाने सद्गुण निर्माण होत नसला तरी रागाचे निमित्त नाहीसे होते, आणि निमित्त गेले की चांगल्या वृत्तीला वाट मिळते.

ऋणाच्या कल्पनेकडे वळायचे ते या ठिकाणाहून. ‘डार्क सोल्स’चे रचनाकार मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे: बर्फ पडलेल्या चढावर पुढच्या गाड्या घसरू लागल्या, तेव्हा मागच्या गाड्यांनी पुढच्यांना टेकून ढकलत एकेकाला वर चढवले, वर पोचल्यावर थांबून आभार मानावेत तर गाडी पुन्हा रुतली असती, म्हणून ते तसेच पुढे गेले, आणि ती अनोळखी माणसे पुन्हा कधी भेटली नाहीत. त्यांच्या खेळांत परका खेळाडू छायारूपाने येऊन मदत करतो आणि काम होताच विरून जातो, ती कल्पना या प्रसंगातून आली. ज्याने मदत केली त्याला परतफेड करताच येणार नाही अशी मदत स्वीकारल्यावर माणसाने काय करावे, असा हा प्रश्न आहे.

वैदिक परंपरेने याचा विचार केलेला आहे. तैत्तिरीय संहितेत माणूस, मूळ वचनाप्रमाणे ब्राह्मण, तीन ऋणे घेऊनच जन्मतो असे म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. यांपैकी ऋषिऋण ऋषींना काही देऊन फिटत नाही. ज्ञान ग्रहण करून आणि ते पुढच्याच्या हाती सोपवूनच फिटते. घेतले मागच्याकडून आणि फेडायचे पुढच्याला, अशी या ऋणाची दिशा आहे. शतपथ ब्राह्मणात या तिन्हींना चौथे जोडले आहे, ते मनुष्यांचे ऋण, आणि ते आलेल्याला आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. त्या वचनांना त्यांच्या काळाच्या वर्णमर्यादा होत्या आणि त्या सोडूनच ती आज घेतली पाहिजेत. परंतु नवख्या खेळाडूच्या बाबतीत ही दोन्ही ऋणे एकत्र येतात. तो शिष्यही असतो आणि अतिथीही. आज जो जाणता आहे त्याच्या पहिल्या शंभर डावांचे नुकसान कोणीतरी सोसलेले असते. ज्या भिडूंच्या डावात तो फीडर होता, त्यांची नावेही त्याला आठवत नाहीत. स्वतःच्या बळावर शिकलो असे म्हणणारा खेळाडू हे सोसणे हिशेबात धरत नाही.

हे ऋण कसे फेडावे याचा सर्वांत विचार करायला लावणारा नमुना एका क्रूर जगात सापडतो. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा, २००३ पासून चालू असलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला खेळ विश्वासघात, हेरगिरी आणि लूट यांना मुक्तद्वार देतो. सुरक्षित मानलेल्या भागातही तेथील पोलीस हल्लेखोराला हल्ल्यानंतर नष्ट करतात, बळी पडणाऱ्याला वाचवत नाहीत. केवळ अगदी आरंभीच्या काही सूर्यमालांत नवख्यांना त्रास देण्यास मनाई आहे. या जगात कौशल्ये घड्याळाच्या गतीने वाढत असल्यामुळे जुन्याला गाठणे नव्याला दीर्घकाळ अशक्यप्राय होते. तरीही येथे नवख्याला खरे काम मिळाले: हलक्या, स्वस्त यानात बसून शत्रूच्या मोठ्या जहाजाला खिळवून ठेवायचे, म्हणजे ते पळू शकत नाही आणि मागून येणारे त्याला फोडतात. हे काम खेळायला लागल्यापासून थोड्याच दिवसांत जमते, आणि ते नसेल तर अनुभवी ताफाही हात चोळत बसतो. येथे नवखा कच्चा लिंबू नसतो. तो मरतो, त्याच्या मरणाला किंमत असते, आणि पुष्कळ संघटना त्याला पुढचे यान फुकट देतात. बाहेरच्यांना छळण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या ‘गूनस्वॉर्म’ या संघटनेनेही आपल्या नवख्यांना असेच हाताशी धरले, यावरून ऋणाची जाणीव आपल्या गोटापुरती कुंठित होऊ शकते हेही दिसते, आणि त्या मर्यादेला चांगुलपणा म्हणता येणार नाही.

ती मर्यादा ओलांडणारी संस्था म्हणजे ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’. खेळाडूंनीच २००४ साली उभारलेल्या या संघटनेत मुरलेले खेळाडू नव्यांना विनामूल्य वर्ग घेऊन शिकवतात. इतर संघटना संपत्तीसाठी आणि प्रदेशासाठी झगडत असतात, ही शिकवण्यासाठी चालते. शिकणारे नवखे म्हणजे सोपे सावज, म्हणून तिच्यावर वारंवार युद्धे पुकारली गेली, आणि ती युद्धेही शिक्षणाचा भाग म्हणून लढली गेली. येथे शिकून तयार झालेले पुष्कळ जण पुढे इतर संघटनांत निघून जातात, आणि तेथून त्यांनी आपल्याच शिक्षकांवर चाल करून यावे याला खेळाचा कोणताही नियम आड येत नाही. दयेच्या हिशेबाने हा कृतघ्नपणा ठरेल. ऋणाच्या हिशेबाने त्यात शिक्षकाचे काहीही बुडालेले नसते, कारण त्याने जे दिले ते शिष्याला उधार दिलेले नव्हते. ते त्याच्याकडेच कोणाचे तरी थकलेले होते, आणि शिष्याने ते फेडायचे आहे ते आज नव्याने आत आलेल्या आणि यानाचे तोंड कोणीकडे वळवावे हेही न समजणाऱ्या तिसऱ्याच कोणाला.